दमानं घे, चिऊ

स्टुटगार्ट,
आषाढी एकादशी

चि. चिऊ हिस मावशीआजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा प्रवेश पक्का झाल्याचं कळलं त्या दिवशी मी इथं एकटीनंच शिरा केला, देवापुढे ठेवला आणि तुझ्या वाटचाही खाल्ला. पाठोपाठ तू फोनवर धाडलेली यादी वाचली. पहिल्या आठवड्यात खोली, दुसऱ्या आठवड्यात अर्धवेळ काम, महिनाभरात पॅरिस आणि प्राग, नाताळपर्यंत जर्मन अस्खलित. यादी अगदी आपल्या घराण्याची आहे हो. तुझी आजी, म्हणजे आमची ताई, अशाच याद्या पंचांगाच्या मागच्या पानावर करायची आणि आम्हा भावंडांना कामाला जुंपायची. यातलं सगळं तू करशील याबद्दल मला शंका नाही. कष्टाला तू कधी मागे हटली नाहीस, खोटं तुला बोलता येत नाही, आणि मोठ्यांचं सगळं ऐकून घेऊन शेवटी स्वतःला पटेल तेच करतेस, जे बरोबरच आहे. मला काळजी वाटते ती फक्त त्या आठवड्यांची आणि महिन्यांची. हा देश कुणाला घाईनं आत घेत नाही गं. आणि आपण घाईनं त्याच्याबद्दल मत करून बसलो, तर पुढे ते गिळायला फार जड जातं. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

आता इथले लोक घाई करतच नाहीत असंही समजू नकोस. एका जागी करतात, आणि ती जागा म्हणजे सुपरमार्केटात पैसे द्यायचं काउंटर. जो माणूस रात्री अकराला निर्मनुष्य रस्त्यावर, एकही गाडी दिसत नसताना, पायी चालणाऱ्यांचा दिवा लाल आहे म्हणून पावसात उभा राहतो, तोच माणूस त्या रांगेत तुझ्या मागे आला की अस्वस्थ होतो. तिथं सरकत्या पट्ट्यावर आपलं सामान मांडायचं, आपलं आणि मागच्याचं मिसळू नये म्हणून मध्ये एक पट्टी आडवी ठेवायची (ती ठेवलीस की मागचा माणूस गंभीरपणे आभार मानेल, तूही मान), आणि मग खुर्चीवर बसलेली ती बाई दूध, टोमॅटो, पावाची लादी, साबण अशा काही वेगानं पलीकडे ढकलायला लागते की आपण पिशवीचं तोंड उघडेपर्यंत दह्याच्या डब्यावर बटाटे येऊन बसतात. आपल्याला सवय जड खाली, हलकं वर, अंडी सगळ्यांत वर अशी निगुतीनं पिशवी भरायची. तिथं ती निगुत करायची नाही. सगळं जसं येईल तसं परत ढकलगाडीत लोटायचं, पैसे द्यायचे, आणि बाहेरच्या बाजूला खिडकीशी जो लांबट कट्टा असतो तिथं जाऊन हवी तेवढी सावकाशी करायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगते.

आणि लाल दिव्याशी मात्र थांबच. पाच युरो दंड आहे म्हणून नव्हे. आजूबाजूला एखादं पोर आईचा हात धरून उभं असतं आणि ते तुझ्याकडे बघत असतं. कितीतरी ठिकाणी खांबावर तशी पाटीच असते, की मुलांसाठी तरी हिरव्यावरच ओलांडा. ही एक गोष्ट मला या लोकांची फार आवडली. मोठ्या माणसांना नियम सांगताना ते पोरांची भीड घालतात.

तुला सकाळी उठवायला तुझी आई तीन हाका मारते हे मला ठाऊक आहे. तिलाही तेवढ्याच लागायच्या. इथं तर डिसेंबरात सूर्यच सव्वाआठच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारला गडी घरी, त्यामुळे उजाडल्यावर उठू म्हणशील तर दिवस संपला म्हणून समज. (जूनमध्ये उलट. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, आणि पांघरूण डोक्यावरून घेतल्याशिवाय झोप नाही.) तेव्हा उठायचं ते घड्याळाकडे बघून. शाळा पावणेआठच्या आसपास भरतात. नळ दुरुस्त करणारा सातला येतो म्हणाला की सातच्या ठोक्याला दारात हजर, पुसलेले बूट घालून. आणि त्या अंधारात सगळ्यांत आधी उजळते ती बेकरी. तू एकदा तरी सहा-साडेसहाला तिथं जा. ब्रेत्सेल म्हणून खारी, वळणदार पावाची गाठ असते ती ताजी घे. या स्वाबियन मुलखातल्या ब्रेत्सेलचे दोन हात बारीक आणि कुरकुरीत, आणि पोट जाडजूड नि मऊ. त्या पोटावर सुरीनं एक आडवी चीर दिलेली असते, ती भाजताना फुलते आणि आतला पांढरा गर दिसतो. वर मिठाचे खडे. आधी हात मोडून खायचे, पोट शेवटी लोण्याबरोबर. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकलेली तुझी स्वच्छ जर्मन काउंटरमागच्या बाईंना पूर्ण कळेल, त्यांची स्वाबियन तुला निम्मी कळेल, आणि त्या ती तिसऱ्यांदाही तितक्याच वेगानं बोलतील. त्यात रडण्यासारखं काही नाही. नाताळपर्यंत नाही कळली तर होळीपर्यंत कळेल.

उठल्याबरोबर चहा नाही हं, आधी खिडक्या. बाहेर उणे पाच असलं तरी सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं घर थंडगार होऊ द्यायचं आणि पुन्हा गच्च लावून घ्यायच्या. संध्याकाळी परत. पहिल्यांदा मला वाटलं, या लोकांनी एवढी खोली तापवायची आणि ती ऊब रस्त्याला दान करायची, याला काय म्हणावं? पण त्यामागे हिशेब आहे. घरं इतकी घट्ट बांधलेली असतात की आंघोळीची, स्वयंपाकाची, आपल्या श्वासाची वाफ आतच राहते, थंड भिंतीला चिकटते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. आपल्या स्वयंपाकात तर कुकरच्या शिट्ट्या आणि उकळतं आधण, त्यामुळे आपल्याला दोनदा सोडून चारदा उघडाव्या लागतात. खिडकी जराशी तिरकी करून दिवसभर सोडायची नाही. त्यानं हवा काही धड बदलत नाही, भिंत तेवढी गार पडते. हे सगळं भाडेकरारात लिहिलेलं सापडलं तर आश्चर्य करू नकोस.

रविवारबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पहिल्या रविवारी तुला वाटेल की गावात काहीतरी अघटित घडलंय. दुकानं बंद, रस्ते ओस. सकाळी थोडा वेळ बेकरी उघडी, स्टेशनावरची चार दुकानं उघडी, बाकी सामसूम. मी आले १९७६ मध्ये, तेव्हा तर शनिवारीही दुपारी दोनला शटरं खाली यायची. १९५६ चा कायदाच होता तसा. शनिवारी दीड वाजता हातात दोन-दोन पिशव्या घेऊन धापा टाकत पळणारे नवरे हा त्या काळचा मोठा प्रेक्षणीय देखावा होता, आणि आमचे हे त्यात सर्वांत पुढे! २००७ पासून आपल्या या राज्यात सोमवार ते शनिवार दुकान कितीही वेळ उघडं ठेवायची मुभा मिळाली. रविवार मात्र हलला नाही. हलणार कसा? रविवार हा कामातून विसाव्याचा दिवस म्हणून राखावा असं कलम १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होतं, आणि १९४९ ची घटना झाली तेव्हा ते उचलून तसंच तिच्यात ठेवलं. ज्या देशानं त्या तीस वर्षांत काय काय मोडलं, उद्ध्वस्त केलं, त्यानं रविवार तेवढा सांभाळून पुढच्या पानावर आणला, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या दिवशी भिंतीत ड्रिल चालवायचं नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा चौकातल्या पिंपात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. मिक्सर लावायला कायद्यानं बंदी आहे असं नाही, पण शेंगदाण्याची चटणी शनिवारीच वाटून ठेवावी, उगीच कुणाच्या दुपारच्या झोपेला आडवं का जा? मग लोक करतात काय, तर चालतात. आजी-आजोबा, लेकरं, कुत्री, सगळं खटलं बरोबर घेऊन जंगलातल्या पायवाटेनं दोन तास चालायचं, कुठंही पोचायचं नाही, आणि परत येऊन कॉफीबरोबर केक खायचा. तुझ्या यादीतले रविवार पॅरिस-प्रागला दिलेले दिसले. जा हो, पॅरिस काही पळून जात नाही आणि तूही तरुण आहेस. पण पहिले तीन-चार रविवार इथं काढ. सुरुवातीला घड्याळ पुढे सरकत नाही, आईची आठवण येते, काय करावं सुचत नाही. ते न सुचणं जरा मुरू दे.

आता जिन्याची गोष्ट. शनिवारी सकाळी तुझ्या खोलीच्या दाराला एक छोटी पाटी अडकवलेली दिसली तर घाबरू नकोस, तो दंड नाही. या आठवड्याला जिना झाडायची पाळी तुझी आहे, एवढाच त्याचा अर्थ. केरवोखं म्हणतात या प्रथेला आणि ती स्वाबियन लोकांची खास मिरासदारी आहे. कोलंबस जहाज घेऊन निघाला त्याच १४९२ सालात इथल्या काउंट एबरहार्डनं हुकूम काढला की शहर स्वच्छ राहावं म्हणून ज्यानं त्यानं आपली घाण दर आठवड्याला बाहेर न्यावी. तेव्हापासून हे लोक झाडतच आहेत. स्टुटगार्ट महापालिकेनं १९८८ मध्ये आपल्या नियमांतून ती सक्ती काढून टाकली. काही फरक पडला नाही. घरमालकांनी करारात ती राखली आणि बायकांनी मनात. छोटी पाळी म्हणजे आपला मजला आणि जिन्याचा तुकडा. मोठी पाळी म्हणजे तळघर, अंगण, घरापुढचा पदपथ, आणि बर्फ पडलं तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत वाट मोकळी करून निसरड्यावर खडी टाकणं.

गंमत अशी की जिना बहुधा स्वच्छच असतो. गेल्या आठवड्यात वरच्यांनी झाडलेला, त्याच्या आधी खालच्यांनी. तरी झाडायचा, वरून खाली, कठड्यावरून ओला फडका फिरवत, पायपुसणं उलटं करून झटकत, आणि हे सगळं शक्यतो कुणाच्या तरी दृष्टीस पडेल अशा बेतानं. मी सुरुवातीला ह्यांना म्हणायचे, धुळीचा कण नाही आणि मी झाडू कशाला मारू? पण त्या जिन्यावरच मला या घरातली माणसं भेटली. एरवी दारं बंद. झाडू हातात असला की वरचे आजोबा थांबून गुडघेदुखीचं सांगतात, पोरं शाळेतून येताना दप्तर टेकवतात, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई आपण कोपरा कसा काढतो ते बघून मान हलवतात.

या खालच्या बाईंचं तुला सांगायलाच हवं. मी आले तेव्हा त्या मला रोज ‘ग्रुस गॉट’ म्हणायच्या, आपल्या रामरामासारखं, आणि पुढे एक अक्षर नाही. माझ्या फोडणीचा वास जिन्यात गेला की त्यांची खिडकी उघडल्याचा आवाज यायचा. मी मनात म्हणायचे, बाई खाष्ट आहे. वर्षं गेली. आम्ही एकमेकींना अहोजाहो करत राहिलो, कारण इथं अगंतुगंवर यायचं तर ते वयानं मोठ्या माणसानं सुचवायचं असतं. धाकट्यानं आपण होऊन जवळीक करायची नाही. एका वाढदिवसाला त्यांनी मला बोलावलं, वेळ दुपारी चार, म्हणजे चारच. (इथं ‘या कधीतरी’ असं कुणी म्हणत नाही, डायरी उघडतात आणि तीन आठवड्यांनंतरचा वार देतात; आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी चुकूनही शुभेच्छा देऊ नकोस, अपशकुन समजतात.) केक झाला, कॉफी झाली, मग त्यांनी दोन लहान पेल्यांत फसफसती वाइन ओतली, उभ्या राहिल्या आणि अगदी सभेत बोलावं तसं म्हणाल्या की आता आपण एकमेकींना अगंतुगं करू या. मी तो पेला ओठाला लावल्यासारखं केलं. पुढे हे गेले तेव्हा माझ्याकडे माणसांची ये-जा होतीच, पण ती पांगल्यावर पंधरा दिवस रोज दुपारी बरोबर बाराला दाराशी बटाट्याच्या सुपाचं झाकलेलं पातेलं असायचं. बेल नाही, चिठ्ठी नाही. मी पातेलं घासून त्यांच्या दाराशी ठेवायची. तू येशील आणि महिनाभरात लिहिशील, ‘आजी, हे लोक फार कोरडे आहेत.’ लिही, मी काही म्हणणार नाही. फक्त त्या महिन्यातल्या मतावर कुलूप घालू नकोस.

काटकसर तुला शिकवायची गरज नाही. पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवून वापरणारी मुलगी तू. इथं तुला तुझ्यासारखेच लोक भेटतील. बाटलीचंच बघ. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतलीस की २५ सेंट वरचे लावतात आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की ते परत मिळतात. २००३ पासूनचा नियम हा. बियरच्या काचेच्या बाटलीवर आठ सेंट. आम्ही लग्नानंतर दादरला राहत होतो तेव्हा आरेच्या केंद्रावर पहाटे रिकाम्या काचेच्या बाटल्या देऊन दुधाच्या भरलेल्या आणायच्या, त्यामुळे मला यात काही नवीन वाटलं नाही, नवीन वाटलं ते यंत्र. बाटली आडवी आत घालायची, ते तिला गोल गोल फिरवून तिचं लेबल वाचतं, पसंत पडली तर गिळतं, नाही तर परत तोंडाशी आणून ठेवतं. शेवटी चिठ्ठी देतं. सार्वजनिक कचरापेटीपाशी मात्र तुला रिकाम्या बाटल्या पेटीच्या आत नव्हे तर बाजूला उभ्या केलेल्या दिसतील. बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणारी गरजू माणसं असतात, त्यांना कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून. तू न सांगताच तसं करशील.

आणि ज्या होहेनहाइम विद्यापीठात तू शेती शिकायला येते आहेस, त्याच्या मुळाशीही अशीच एक गोष्ट आहे, ती तुला तिथल्या माहितीपुस्तकात कोरडी वाचायला मिळेल म्हणून आधीच सांगते. १८१५ मध्ये तिकडे इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची राख आणि वायू आभाळात पसरले आणि पुढच्या वर्षी, १८१६ मध्ये, युरोपात उन्हाळाच आला नाही. पाऊस, गारठा, उभी पिकं कुजली. या व्युर्टेम्बर्ग राज्यात माणसं उपाशी मेली, कितीतरी देश सोडून गेली. त्याच वर्षी राजा विल्हेल्म आणि राणी काथारिना गादीवर आले. ती रशियाच्या झारची बहीण, म्हणजे तीही परक्या देशातून आलेली सूनच. दुष्काळ ओसरल्यावर १८१८ या एका सालात तीन गोष्टी उभ्या राहिल्या. राणीनं गोरगरिबांसाठी बचतपेढी काढली, राजानं शेती सुधारावी म्हणून होहेनहाइमची शेतकी संस्था काढली, आणि कानश्टाटला शेतकऱ्यांचा मेळा भरवला. तो मेळा अजून दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीपासून भरतो. तू येशील तेव्हा पाळणे फिरत असतील आणि मधोमध फळं-धान्यांनी सजवलेला उंच खांब उभा असेल. तुझ्या वर्गातल्या बाकाखाली एक उपाशी वर्ष आहे एवढं ध्यानात ठेव, म्हणजे लोक इथं सेंट का मोजतात ते कळेल आणि त्याला कंजूषपणा म्हणावंसं वाटणार नाही. कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेसुद्धा फोननं देणारी तू. इथं खिशात नाणी ठेव, छोट्या दुकानात अजून रोख लागते आणि रांगेतल्या आजीबाई पर्समधून एकेक सेंट काढून देतात. त्यांच्यामागे उसासे टाकू नकोस, ती मीही असू शकते.

खाण्याचं तुझ्या आईनं तीनदा विचारलं. तिला सांग, हा मुलूख मसूर खाणाऱ्यांचा आहे! श्पेट्झ्ले नावाच्या घरगुती अंड्याच्या शेवयांबरोबर घट्ट मसुरीची उसळ, वरून व्हिनेगरचा शिडकावा, आणि सोबत सॉसेज. ते आपण घ्यायचं नाही, मी तर फोडणीही वरून घालते आणि कुणाला सांगत नाही. ही मसूर पिकायची शहराच्या दक्षिणेला आल्ब म्हणून खडकाळ पठार आहे त्यावर. मसुरीचा वेल लोळतो, म्हणून त्यात सातू किंवा ओट पेरायचे, त्यांच्या आधारानं ती उभी राहते आणि कापणीनंतर दोन्ही दाणे वेगळे करायचे. मिश्रपीक, तुझ्या आजोबांना सांगितलंस तर ते म्हणतील, यात नवं काय? पण उत्पन्न कमी, खटाटोप फार, म्हणून युद्धानंतरच्या वर्षांत शेतकऱ्यांनी ती सोडली, आणि इथलं जुनं बियाणं नाहीसं झालं. १९८५ च्या सुमाराला एका शेतकरी कुटुंबानं फ्रेंच वाण आणून पुन्हा पेरा सुरू केला. जुनं वाण शोधत राहिले, आणि २००६ मध्ये ते सापडलं कुठं, तर रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बीजपेढीत. थोडंसंच बियाणं मिळालं. ते पेरायचं, पिकलेलं न खाता पुन्हा पेरायचं, असं करत करत काही वर्षांनी ते विकण्याजोगं झालं. आता आठवडी बाजारात ती ‘आल्बलाइझा’ नावानं मिळते, महाग असते, तरी मी वर्षातून एकदा घेते. तू आलीस की पहिली उसळ तिचीच.

आज एकादशी, म्हणून आणखी एक सांगते. इथं माउलटाशं नावाचा पदार्थ आहे, मैद्याच्या पातळ पोळीत पालक आणि खिमा भरून उकडतात. म्हणे उपासाच्या दिवसांत माउलब्रॉनच्या मठातल्या साधूंनी मांस देवाला दिसू नये म्हणून असं पोळीत दडवलं. खरं-खोटं देव जाणे, पण हे ऐकल्यापासून मला साबुदाण्याच्या वड्यांबद्दल अपराधी वाटेनासं झालं. एकादशी दुप्पट खाशी सगळीकडेच! बिनमांसाची माउलटाशंही मिळतात.

कागदपत्रांचं लवकर आटपते, कारण त्याला कंटाळा फार. खोलीत राहायला गेलीस की दोन आठवड्यांच्या आत नगर कचेरीत पत्ता नोंदव. त्यावाचून पुढचं फारसं काही हलत नाही. बेलवर आणि पत्रपेटीवर तुझं आडनाव लाव, नाही तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि इथं सगळी महत्त्वाची कामं अजून कागदी पत्रांनीच होतात. टीव्ही असो-नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो आकाशवाणी-दूरचित्रवाणीची वर्गणी येते. घरातल्या मुलींनी वाटून घ्या. कचेरीची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली तर रागावू नकोस. आमच्या या गावाचं नवं भुयारी स्टेशन १९९४ मध्ये जाहीर झालं, २०१० मध्ये काम निघालं, आणि उद्घाटनाची तारीख त्यानंतर इतक्यांदा पुढे सरकली की शेजारणीनं विचारणं सोडून दिलं. वेळेच्या एवढ्या पक्क्या लोकांनाही वाट बघावी लागते हे पाहून मला जरा बरंच वाटतं.

आणि इथल्या पायऱ्यांवरून धावू नकोस. गाव वाटीत वसलंय, चहूबाजूंनी टेकड्या, पूर्वी त्यांवर द्राक्षमळे होते आणि मळ्यांत जायला दगडी पायऱ्या. मळे बरेच गेले, पायऱ्या राहिल्या. चारशेहून अधिक जिने आहेत असे. माझ्या घरी यायलाही तसलाच एक चढावा लागतो. मध्ये बाक आहे. तू वरपर्यंत एका दमात येशील हे मला माहीत आहे, तरी बाकावर टेक. मी वरून खिडकीतून बघत असेन, मला हात हलवायला वेळ मिळू दे. अगदीच जड सामान असलं तर दातेरी रुळांवरची गाडी आहे, १८८४ पासून चालतेय, सायकलीसुद्धा पुढच्या उघड्या डब्यात घालून वर नेते.

येताना काय आणू विचारलंस. गोडा मसाला आण, ताईच्या हातचा. थोडं मेतकूट, कोकम, आणि एक चांगली विळी मिळाली तर मोठ्या बॅगेत, केबिनच्या नको. पेढे, खवा, श्रीखंड आणू नकोस; दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील आणि तुझ्या डोळ्यांदेखत टाकून देतील. चकल्या-शंकरपाळ्यांना हरकत नाही, पण आईला म्हणावं, पाच किलो नको. मोठा कुकर माझ्याकडे दोन आहेत, एक तुझा.

तुझ्या आईला आणि बाबांना अनेक आशीर्वाद. आजोबांना माझा साष्टांग नमस्कार सांग. ताईला म्हणावं, गुडघ्याला तेल लावतेस का ते कळव. मी विचारते म्हणून नाही, डॉक्टर विचारतात म्हणून.

तुझी,
मावशीआजी

ता. क. : एक युरोचं एक नाणं पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायची आत्तापासून सवय लाव. दुकानातली ढकलगाडी साखळीनं बांधलेली असते, नाणं घातल्याशिवाय सुटत नाही, आणि गाडी परत जागेवर नेऊन लावली की नाणं परत मिळतं. ते खर्च करायचं नाही. माझं बरीच वर्षं तेच चालू आहे.